कलिंगड आणि खरबूज: निवडणं, धुणं, कापणं, खाणं, नेमक्या क्रमाने

फेब्रुवारी संपत आला की ऐरोली स्टेशनबाहेर कलिंगडांचे ढीग लागतात. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने उतरलं की घरी जाताना रोज तेच दिसतं. माणसं येतात, दोन-चार कलिंगडांवर थापा मारतात, त्यातल्या त्यात मोठं उचलतात आणि निघतात. मग दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुणीतरी सांगतं, ‘अहो, अगदी पांचट निघालं.’ खरबुजाचं तर त्याहून वाईट. कच्चं आणतात, आणल्या-आणल्या फ्रिजमध्ये टाकतात आणि मग म्हणतात, यापेक्षा काकडी परवडली.

यात नशिबाचा भाग थोडा आहे, क्रम चुकण्याचा जास्त. सगळ्यात मोठी चूक म्हणजे या दोन फळांना एकच नियम लावणं. ही दोन्ही वेलीवरची, दोन्ही उन्हाळ्यातली आणि एकाच गाडीवर मिळणारी. पण वागणूक अगदी वेगळी. पुढचं सगळं याच फरकावर उभं आहे, म्हणून तो आधी सांगते.

आधी हे पक्कं करा

कलिंगड वेलीवरून तोडलं की त्याचं पिकणं थांबतं. कच्चं आणलं तर आठ दिवस ओट्यावर ठेवूनही ते गोड होणार नाही. म्हणजे कलिंगडाची खरी परीक्षा बाजारातच होते.

खरबूज तोडल्यावरही पिकत राहतं. मऊ होतं, वास सुटतो. मात्र त्याच्या गरात पिष्टाचा साठा नसतो, त्यामुळे केळ्या-आंब्यासारखी त्यात नवी साखर तयार होत नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच. घरी आपण त्याला पोत आणि सुगंध मिळवून देतो, गोडी नाही. म्हणून खरबुजाची परीक्षा अर्धी बाजारात आणि अर्धी घरी.

टप्पा १: बाजारात जाण्याआधी

तीन गोष्टी ठरवून निघा.

कधी खायचं? आज संध्याकाळी खायचं असेल तर तयार खरबूज हवं. परवा पाहुणे येणार असतील तर किंचित घट्ट चालेल.

किती माणसं? कलिंगडाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सालीत जातो. चार माणसांच्या घराला अडीच-तीन किलोचं कलिंगड एका दिवसात संपतं. ‘किरण’ जातीची काळपट हिरवी, लांबट कलिंगडं साधारण याच वजनाची मिळतात. पट्ट्यापट्ट्यांचं सात किलोचं धूड स्वस्त पडतं खरं, पण दोघांच्या घरात अर्धं चौथ्या दिवशी ओल्या कचऱ्यात जातं. तेव्हा ते स्वस्त राहत नाही.

फ्रिजमध्ये जागा आहे का? कापलेलं फळ फ्रिजबाहेर ठेवायचं नाही, हा पुढचा नियम आहे. झाकणाचे दोन मोठे डबे आधीच रिकामे करून ठेवा.

एपीएमसीच्या तुर्भ्याच्या फळबाजारातून आणायचं असेल तर चार घरं मिळून जा. तिथला व्यवहार मुळात घाऊक आहे. एकट्यासाठी निवडत बसायला वेळ मिळत नाही, आणि निवडू दिलं नाही तर या लेखाचा उपयोग नाही.

टप्पा २: कलिंगड निवडणं

क्रम असा ठेवा: डाग, वजन, साल, आणि आवाज सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक आवाजापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

*डाग.* कलिंगड उलटं करा. शेतात ते ज्या बाजूवर टेकलेलं असतं तिथे हिरवा रंग चढत नाही, एक फिकट डाग राहतो. तो लोण्यासारखा किंवा हळदीची छटा असलेला पिवळा असेल तर फळ वेलीवर पुरेसं राहिलेलं आहे. पांढरट किंवा हिरवट पांढरा असेल तर घाईने तोडलेलं. मला विचाराल तर एवढी एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हीच बघा. काळपट जातींवर डाग लहान असतो, पण असतो. विक्रेते ढीग रचताना डाग खालच्या बाजूला जातो, म्हणून हाताने फिरवून पाहावं लागतं. ‘काका, जरा उलटं करून बघते हं,’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

*वजन.* सारख्या आकाराची दोन कलिंगडं दोन हातांत घ्या. जड ते घ्या. कलिंगडाच्या गरात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर एक तर आत रस कमी आहे किंवा ते बरेच दिवस पडून आहे.

*साल.* पिकलेल्या कलिंगडाची साल मंद दिसते, कच्च्याची चकाकते. पण इथे एक फसगत आहे: गाडीवर ओल्या फडक्याने पुसून ठेवलेलं प्रत्येक कलिंगड चकाकतं. म्हणून तळहाताने कोरडं करून मग बघा. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. घट्ट लागली पाहिजेत. कुठे मऊ, पाणथळ किंवा चिरलेलं असेल तर ते फळ परत ठेवा, कितीही स्वस्त दिलं तरी.

*आवाज.* फळ एका तळहातावर घ्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टिचकी मारा. जमिनीवर ठेवलेल्या फळाचा आवाज जमीन खाते. पिकलेलं खोल, घुमल्यासारखं वाजतं. कच्चं टणटण, वरच्या पट्टीत. फार पिकून भसभशीत झालेलं बसकं वाजतं, ओल्या गादीवर थाप मारल्यासारखं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला ट्रकच्या गोंगाटात हा फरक कळणं अवघड आहे. म्हणूनच आवाज शेवटी. पहिल्या तीन परीक्षांत पास झालेल्या दोन फळांतून एक निवडायला तो कामाला येतो.

काही गोष्टींवर भरवसा ठेवू नका. ‘नर कलिंगड’ आणि ‘मादी कलिंगड’ असं काही नसतं. नर-मादी फुलं असतात, फळ मादी फुलापासूनच धरतं. देठ हिरवा आहे की सुकलेला, यावरून तोडून किती दिवस झाले एवढंच कळतं, पिकलं होतं की नाही ते नाही. आणि गराचा लालपणा म्हणजे गोडी नव्हे. ‘आरोही’ जातीचा गर चक्क पिवळा असतो आणि छान गोड लागतो.

सावध: खाप पाडून दाखवणं. ‘ताई, कापून दाखवतो, लाल नसेल तर घेऊ नका,’ असं म्हणून विक्रेता त्रिकोणी खाप काढतो. आपल्याला खात्री पटते. पण ती सुरी दिवसभरात पन्नास न धुतलेल्या सालींमधून गेलेली असते, आणि तीच घाण आता आपल्या फळाच्या गरापर्यंत पोचली. खाप पाडलेलं कलिंगड घेतलंच तर घरी पोचल्यावर लगेच कापा, खापेभोवतीचा दोन बोटं भाग टाकून द्या आणि उरलेलं थेट फ्रिजमध्ये. डाग वाचता आला की खापेची गरजच पडत नाही.

अर्धं कापून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कलिंगड उन्हातल्या गाडीवरून घेऊ नका. बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फोडीही नको. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विक्रेत्यालाही माहीत नसतं.

इंजेक्शनचे मेसेज दरवर्षी फिरतात. सालीला सुई टोचली की त्या छिद्रातून रस पाझरतो आणि फळ नासायला लागतं. ढीगच्या ढीग असा करून विकणं व्यवहारात बसत नाही. तरी शंका वाटलीच तर कापल्यावर कोरडा स्वच्छ कापूस गरावर फिरवा. रसाने ओला होऊन जेमतेम गुलाबी छटा आली तर ठीक. कापूस भडक लाल झाला तर ते फळ खाऊ नका.

टप्पा ३: खरबूज निवडणं

इथे थाप मारायची नाही. इथे नाक वापरायचं.

आधी देठाची जागा बघा. जाळीदार खरबूज वेलीवर पूर्ण पिकलं की देठापासून आपसूक सुटतं आणि तिथे गुळगुळीत, गोल खळगी राहते. खळगीत देठाचा तुकडा घट्ट चिकटून असेल किंवा कात्रीने कापल्याची कड दिसत असेल, तर फळ वेळेआधी तोडलेलं आहे. असं खरबूज घरी मऊ होईल, वासही थोडा येईल, पण गोडीला कमीच राहील. गुळगुळीत सालीच्या पिवळ्या सनमेलनला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही, ती देठासकट कापतात. त्यांचा रंग बघा: हिरवट झाक नको, पूर्ण पिवळा हवा.

मग जाळीच्या मधला रंग. जाळी उठावदार आणि तिच्या मधली साल हिरवटाकडून पिवळसर-बदामी झालेली हवी.

मग टोक. देठाच्या बरोबर उलट बाजूला, जिथे फूल होतं, तिथे अंगठ्याने हलकेच दाबा. किंचित दबलं पाहिजे. बाकी अंग घट्ट हवं. सगळीकडून मऊ असेल तर आत गर सुटलेला आहे. कानाजवळ हलवून बघा. आत पाणी डुचमळल्यासारखं वाजलं तर नको.

शेवटी त्याच टोकाला नाक लावा. गोड, भरलेला वास आला की घ्या. आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर सोडून द्या. मॉलमधल्या एसीत ठेवलेल्या गार खरबुजाला वास कमी येतो, तेव्हा तिथे देठाची खळगी आणि जाळीचा रंग यांवरच ठरवा.

तपासा: पिशवीत भरताना खरबूज वर, कलिंगड खाली. लोकलमध्ये पिशवी खाली आपटली की बाहेरून काही दिसत नाही, पण आत गर ठेचतो आणि तिथून नासायला सुरुवात होते.

टप्पा ४: घरी आल्यावर कुठे ठेवायचं

दोन्ही एका टोपलीत ठेवू नका. हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. पिकणाऱ्या खरबुजातून आणि केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याने खरबूज पिकतं, पण कलिंगडाचा गर त्याच वायूने भसभशीत होतो. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात फळांची एकच मोठी टोपली होती: केळी, खरबूज, कलिंगड, सगळं एकत्र. चार दिवसांनी कलिंगड कापलं की गर तोंडात रवाळ, ओल्या भुशासारखा लागायचा आणि मी विक्रेत्याला दोष द्यायचे. कलिंगड वेगळं ठेवायला लागल्यापासून तसं झालेलं नाही.

*कलिंगड:* अख्खं असेल तर खोलीत, सावलीत, जमिनीवर. फ्रिजमध्ये घालायची घाई नको. अख्खं कलिंगड अनेक दिवस फ्रिजच्या गारव्यात राहिलं की सालीवर खड्डे पडतात आणि चव उतरते. गार हवं असेल तर कापण्याआधी तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा, तेही धुऊन, पुसून.

*खरबूज:* घट्ट असेल तर ओट्यावर, उन्हापासून लांब. लवकर हवं असेल तर कागदी पिशवीत एका केळ्यासोबत ठेवा. एक ते तीन दिवसांत टोक दबायला लागतं आणि स्वयंपाकघरात शिरताच वास येतो. तो वास आला की त्याच दिवशी खा किंवा फ्रिजमध्ये टाका. कोथिंबीर, पालेभाजी शेजारी ठेवू नका, पिवळी पडते.

सावध: कच्चं खरबूज फ्रिजमध्ये घातलं की पिकणं तिथेच अडतं. ‘काकडीसारखं लागलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

टप्पा ५: धुणं

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. ‘साल कुठे खायची आहे?’ असं म्हणतात. पण सुरी सालीतूनच गरात जाते. सालीवर जे काही आहे, शेतातली माती, शेणखत, ट्रकची धूळ, दहा हातांचा घाम, ते सुरीच्या पात्याबरोबर आत ओढलं जातं. कलिंगड-खरबुजाच्या गरात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे लिंबा-संत्र्यासारखं जंतूंना आवरणारं काही त्यात नसतं. गोड, ओलं आणि आम्ल नसलेलं, म्हणजे जंतूंना वाढायला उत्तम जागा. खरबुजाच्या जाळीत तर घाण रुतून बसते. २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली आणि ३३ माणसं गेली. म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

१. आधी आपले हात साबणाने धुवा.

२. फळ नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बादलीत किंवा टबात बुडवून ठेवू नका. उन्हातून आणलेलं तापलेलं फळ गार पाण्यात बुडवलं की देठाच्या खळगीतून पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि पाण्यातली घाणही.

३. कलिंगड हाताने चोळून धुतलं तरी चालतं. खरबुजाला ब्रश हवाच. भाज्यांसाठी एक वेगळा ब्रश ठेवा. देठाची खळगी आणि जाळी नीट घासा.

४. साबण, डिटर्जंट वापरू नका. साल सच्छिद्र असते, साबण आत मुरतो. खळखळून वाहतं पाणी आणि घासणं पुरे.

५. स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फळ कापलं तर सालीवरचं पाणी सुरीवरून गरात उतरतं, आणि हातातून निसटून बोट कापतं ते वेगळंच.

तपासा: चॉपिंग बोर्ड कुठला घेतलाय? रविवारी सकाळी ज्या बोर्डवर कोलंबी किंवा चिकन झालं तोच दुपारी फळाला नको. फळांचा बोर्ड आणि सुरी वेगळी ठेवा. विळी वापरत असाल तर पातं गरम पाण्याने धुऊन घ्या.

टप्पा ६: कापणं

बोर्डखाली ओलं फडकं अंथरा, म्हणजे बोर्ड सरकत नाही. सुरी लांब पात्याची आणि धारदार हवी. बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती घसरते.

*कलिंगड.* गोडी सगळ्यात जास्त मधल्या गाभ्यात असते आणि सालीकडे जाताना कमी होते. अनेक घरांत आडव्या चकत्या करून मग कसेही तुकडे पाडतात, त्यामुळे एकाच्या वाटीत सगळा गाभा आणि दुसऱ्याच्या वाटीत सालीजवळचा फिका भाग. मुलांची भांडणं इथूनच सुरू होतात. त्याऐवजी दोन्ही टोकं कापा, फळ उभं करा, देठाकडून खाली दोन भाग, मग चार, मग आठ उभ्या फोडी. प्रत्येक फोडीला गाभ्याची कड मिळते.

बिया काढायच्या असतील तर एक उभी चौथाई घ्या. बिया गरात एका रेषेत बसलेल्या दिसतील. त्या रेषेवरून सुरी फिरवून वरचा गाभा उचलून घ्या. खाली बियांची ओळ उघडी पडते. चमच्याच्या कडेने खरवडा, सगळ्या एकदम निघतात. मऊ, पांढऱ्या, अर्धवट बिया राहिल्या तर काही बिघडत नाही.

कापल्यावर मध्ये मोठी भेग किंवा पोकळी दिसली तर घाबरू नका. परागीकरण नीट झालं नाही किंवा फळ फार भरभर वाढलं की असं होतं. खायला चालतं, भेगेच्या कडेचा गर बऱ्याचदा जास्तच गोड लागतो. पण फेस येत असेल, गर बुळबुळीत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर चव न घेता टाकून द्या.

*खरबूज.* यात फुलाकडचं टोक जास्त गोड, देठाकडची बाजू कमी. म्हणून देठापासून टोकापर्यंत उभं कापा. आडवं कापलं तर अर्ध्या लोकांना गोड आणि अर्ध्यांना सपक मिळतं. दोन भाग झाले की बियांचा गुंता चमच्याने हलकेच काढा. तो गाळणीत ठेवा, टाकू नका. खाली जो रस गळतो तो सगळ्यात सुगंधी असतो. गर मात्र पाण्याखाली धरू नका. ‘एकदा धुऊन घेते’ म्हणत कापलेलं खरबूज नळाखाली धरणाऱ्या मी पाहिल्या आहेत. चव तिथेच वाहून जाते.

पहिला तुकडा स्वतः चाखा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ कुणालाच देऊ नका. काकडी-दुधीच्या कुळातल्या या फळांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि शिजवल्यानेही ते जात नाही.

टप्पा ७: कापलेलं ठेवणं

काही वर्षांपूर्वी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी दुपारी बारालाच दोन कलिंगडं कापून परातीत भरून ठेवली होती. वर ओलं फडकं घातलं होतं, मला वाटलं झाकलंय म्हणजे झालं. बायका सहापासून यायला लागल्या. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. रात्री दोन मुलांची पोटं बिघडली. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कलिंगड बाधलं.’ कलिंगड बिचारं चांगलं होतं. एप्रिलच्या उकाड्यात मी ते सहा तास बाहेर ठेवलं होतं.

तेव्हापासूनचा नियम: कापलेलं फळ फ्रिजबाहेर दोन तासांवर नाही, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. आपल्याकडे मार्च ते मे म्हणजे एक तासच धरा. कार्यक्रम असेल तर अख्खी फळं धुऊन, पुसून सकाळीच फ्रिजमध्ये गार करा आणि पाहुणे यायच्या अर्धा तास आधी कापा. गौरीपुढे कमळासारखं कोरून ठेवलेलं कलिंगड दिवसभर उघडं राहतं. ते आरास म्हणून ठेवा, दुसऱ्या दिवशी प्रसाद म्हणून वाटू नका.

ठेवायचं कसं? साल काढून, मोठे तुकडे करून, घट्ट झाकणाच्या डब्यात. तळाशी जाळी किंवा पालथी छोटी ताटली ठेवली तर सुटलेलं पाणी खाली राहतं आणि तुकडे त्यात भिजत नाहीत. फ्रिज ४ अंशांच्या आत हवा. तीन दिवसांत संपवा. अर्धं फळ ठेवायचं असेल तर उघडा भाग पूर्ण झाकून टाका, नाहीतर शेजारच्या कांद्याचा, माशांचा वास त्यात शिरतो.

टिफिनला द्यायचं असेल तर याच वेळेच्या आत खाल्लं जाणार असेल तरच. नाहीतर डब्यासाठी दुसरं फळ बघा.

जास्तच उरलं तर तुकडे ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये घट्ट करा आणि मग पिशवीत भरा. नुसतं खायला ते चांगलं लागत नाही, विरघळलं की पाणी सुटतं. पण सरबताला बर्फाऐवजी हेच घाला.

टप्पा ८: खाणं

मीठ, चाट मसाला अगदी ताटात वाढल्यावर. आधी लावून ठेवलं की दहा मिनिटांत फोडी पाण्यात तरंगतात. कलिंगडाला काळं मीठ आणि लिंबू, खरबुजाला भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ताजी मिरी. माझ्या मते यापेक्षा जास्त काही लागत नाही. फळ चांगलं निवडलं असेल तर साखर तर मुळीच नको.

*सरबत, चार पेले:* एक चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात पंधरा-वीस मिनिटं आधी भिजवा. बिया काढलेल्या कलिंगडाच्या सहा वाट्या फोडी, आठ-दहा पुदिन्याची पानं, पाव चमचा काळं मीठ. मिक्सर दोन-तीनदा नुसता टिचकी मारल्यासारखा फिरवा. सलग फिरवला तर राहिलेल्या बिया भरडल्या जातात आणि सरबत कडसर, कचकचीत होतं. पाणी घालू नका. गाळा, अर्धं लिंबू पिळा, सब्जा घाला आणि लगेच द्या. पेल्यात खाली पाणी, वर चोथा असं दिसलं तर ते नासलेलं नाही, नुसतं ठेवलं गेलंय, ढवळा.

*खरबुजाचं मिल्कशेक* करून फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक फार होते. तासाभराने ते कडवट लागतं आणि लोक दुधावर संशय घेतात. खरबुजात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांवर काम करतं आणि कडूपणा येतो. हे शेक करायचं आणि उभ्या उभ्या प्यायचं.

घरात मधुमेही कुणी असेल तर रसाऐवजी मोजकी वाटीभर फोडी द्या. पेलाभर रसात किती फळ गेलं ते कळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच.

टप्पा ९: साल आणि बिया

साल टाकण्याआधी वरचा हिरवा पापुद्रा सोलाण्याने काढा. मधला पांढरा भाग किसा, हलकं पिळा, दही, दाण्याचं कूट, मीठ आणि हिरवी मिरची-जिऱ्याची फोडणी. काकडीच्या कोशिंबिरीपेक्षा वेगळी आहे हे ओळखू येत नाही. पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात वापरा. अर्थात, फळ टप्पा ५ प्रमाणे धुतलेलं असेल तरच. दातांनी खाल्लेल्या फोडींच्या साली यासाठी घेऊ नका; कोशिंबीर करायची असेल तर कापतानाच पांढरा भाग बाजूला काढा.

खरबुजाच्या बिया चाळणीत चोळून बुळबुळीतपणा काढा, कापडावर पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. गॅलरीत ऊन कमी येत असेल तर रात्री घरात घ्या, दमट हवेत बुरशी धरते. पूर्ण वाळलेली बी मोडताना कट्‌ असा आवाज येतो. वाकली तर अजून एक दिवस. मंद आचेवर कोरड्या भाजून मिठाच्या पाण्याचा हबका द्या. सोललेल्या बिया म्हणजेच आपण ठंडाईत घालायला विकत आणतो तो मगज.

गणपतीच्या सुमाराला: चिबूड

उन्हाळा संपला की हे सगळं पुन्हा एकदा, थोड्या फरकाने, चिबडासाठी करा. गणपतीच्या सुमाराला ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांच्या पाटीत तो दिसतो. खरबुजाचाच भाऊबंद, पण पिकला की आपोआप तडकतो. पूर्ण फुटलेला घेऊ नका, भेगांत धूळ आणि माश्या गेलेल्या असतात. केसासारख्या बारीक रेषा उमटलेला आणि लांबूनच घमघमणारा बघा. टोपलीत सगळ्यात वर ठेवा, घरी आल्यावर वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवा आणि त्याच दिवशी कापा. उद्यावर टाकला की तो रात्रीतच फुटतो. गर रवाळ असतो, तो तसाच असायचा. चमच्याने काढा, किसलेला गूळ आणि नारळाचं घट्ट दूध घाला, चिमूटभर वेलची, आणि गूळ विरघळेपर्यंत पाच मिनिटं थांबा.